ईकोतली ऊब: हीटर निवडीच्या नोंदी

२ ऑगस्ट, डिचोली

बद्रीनाथला जायचं आईने मनात घेतलंय. विमान नको, टॅक्सी नको, आपल्या मारुती ईको व्हॅनमधून, वाटेत थांबत थांबत. बाबा कुळागर (सुपारीची बाग) सोडून येणार नाहीत, म्हणजे आम्ही दोघीच. मागची जागा मोजली: २.२ मीटर लांब, १.३ रुंद, १.२ उंच. दोघींना नीट झोपता येईल. छप्पर कापायचं नाही, पत्र्याला भोकं पाडायची नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि परत आल्यावर याच गाडीतून सुपारीची पोतीही न्यायची आहेत. त्यामुळे जे काही बसेल ते काढता येण्यासारखं.

फळ्या, गादी, पाण्याची टाकी ही सोपी कामं आहेत. मला भीती आहे ती थंडीची. बद्रीनाथ ३१०० मीटरच्या आसपास आहे, ऑक्टोबरात रात्री पारा शून्याला टेकतो. आईचं वय ६८, गुडघे दुखरे, आणि जानेवारीत डिचोलीत २० अंश झाले तरी ती पायमोजे शोधते.

गॅसची शेगडी गाडीत पेटवणार नाही, हे पहिल्या दिवशीच ठरलं. बंद जागेत जळणाऱ्या कशानेही कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोंगरात खोलीत कोळशाची अंगीठी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात. शिवाय एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते, आणि ती थंड पत्र्यावर पाणी होऊन गादीवर ठिबकते. हीटर विजेचाच हवा. प्रश्न एवढाच, की केवढा आणि कुठला.

५ ऑगस्ट

अकरावीच्या मुलांना उष्णतावहन शिकवते, तेच गणित आज घरी मांडलं.

झोपायच्या जागेचं सगळं क्षेत्रफळ, छप्पर आणि तळ धरून, सुमारे १४ चौरस मीटर. उघडा पत्रा किंवा एकेरी काच दर चौरस मीटरमागे, आत-बाहेरच्या दर अंशाच्या फरकाला, साधारण ६ वॅट उष्णता सोडते. म्हणजे ८४. श्वासासाठी खिडकी बोटभर उघडी ठेवायचीच, त्या हवेचे आणखी सहा. एकूण ९० वॅट प्रति अंश. बाहेर शून्य आणि आत १५ हवे असतील तर १३५० वॅट, रात्रभर.

आपली बॅटरी १२.८ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट. तिच्यात एकूण १२८० वॅट-तास. इन्व्हर्टरचा तोटा धरला तर हा हीटर एक ताससुद्धा चालणार नाही. बॅटरी दुप्पट केली तरी दोन तासांच्या आतच संपेल. रात्र आठ तासांची.

तेव्हा दोन गोष्टी एकदम करायला हव्यात: गाडीची गळती कमी करायची, आणि हीटर असा निवडायचा की तो जिथे प्लग मिळेल तिथेच लागेल.

९ ऑगस्ट, म्हापसा

सकाळी बाजारात गेले. आठ दुकानं फिरले. गोव्यात हीटर म्हटलं की दुकानदार गिझर पुढे करतो, त्यात त्याची चूक नाही. दोन ठिकाणी माळ्यावरून खोके काढून दाखवले: एकात उघड्या कॉइलचा फॅन हीटर, १०००/२००० वॅट, दुसऱ्यात लाल तापणाऱ्या दोन क्वार्ट्झ नळ्यांचा, ४००/८००.

नळ्यांचा स्वस्त आहे आणि समोर बसलं की लगेच ऊब लागते, कारण तो हवा नाही, समोरच्या वस्तूला तापवतो. पण कपड्यांपासून निदान एक मीटर दूर ठेवायचा असतो. ईकोत एक मीटर मोकळी जागा कुठेच नाही. गादी, रजई, आईचं नऊवारी, सगळं हाताच्या अंतरावर. खोकं परत दिलं.

तेलाचा रेडिएटर मनात होता. आवाज नाही, कॉइल उघडी नाही, तापला की बंद केल्यावरही बराच वेळ ऊब देतो. पण गोव्यातल्या दुकानांत आहे तो दहा-बारा किलोचा, नऊ पट्ट्यांचा. चालत्या गाडीत एवढं वजन बांधायचं कशाला, आणि तो तापायलाच अर्धा तास घेतो. मोठ्या खोलीसाठी मी तोच घेतला असता.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन करून दुपारी गाडीत. ऑनलाइन मागवलेला १२ व्होल्टचा छोटा हीटर आला होता, सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायचा. खोक्यावर १५० वॅट. १५० भागिले १२ म्हणजे साडेबारा अँपिअर. या सॉकेटच्या मागे फ्यूज बहुतेक १५ चा असतो. कागदावर बसतं.

वीस मिनिटं चालवला. वाऱ्याची झुळूक कोमट. काचेवरचं धुकं तेवढं गेलं. मग वास आला म्हणून हात लावला तर पिन इतकी तापली होती की प्लॅस्टिक बोटाखाली दबत होतं. सॉकेटचा स्प्रिंगचा सांधा एवढा प्रवाह फार वेळ पेलण्यासाठी नाहीच. आणि ९० वॅट प्रति अंशाच्या गाडीत १५० वॅटने दीड अंश वाढतो. बाबा तीस वर्षं लाइनमन होते. त्यांनी पिन पाहिली, वासही घेतला. म्हणाले, "जिथे सांधा सैल, तिथे आग. हे परत लावू नकोस."

लावणार नाही. हे उपकरण कॅम्पर व्हॅनसाठी म्हणून विकलं जातं याचा मला राग आला. झोपलेल्या माणसाच्या डोक्याशी असा सांधा ठेवायचा?

२० ऑगस्ट

आज करायची चाचणी कित्येक दिवस डोक्यात होती. सगळे म्हणतात, गोव्यात हीटर कसा तपासणार, थंडी कुठे आहे? पण गळतीला थंडी लागत नाही, फरक लागतो. बाहेर शून्य, आत दहा. किंवा बाहेर पंचवीस, आत पस्तीस. भिंतीतून जाणारी उष्णता जवळजवळ तेवढीच.

शाळेतल्या सहकारी बाईंकडे डेहराडूनचा जुना फॅन हीटर होता, तो आणला. रात्री नऊला, ऊन आणि तापलेला पत्रा दोन्ही निवल्यावर, अंगणात गाडी बंद करून आत हजार वॅटवर लावला. पुढच्या सीटमागे चादर टांगली. एक थर्मामीटर आत मधोमध, एक बाहेर पडवीत. वॉटमीटर ९४० दाखवत होता, कारण घरचा दाब २२३ व्होल्ट होता. आत कोणी झोपायचं नाही, दर पंधरा मिनिटांनी काचेतून टॉर्चच्या उजेडात आकडा वाचायचा.

दहाला ३१. अकराला ३४. बाराला ३५, आणि मग तिथेच. बाहेर २५. फरक १० अंश, ९४० वॅट: म्हणजे ९४ वॅट प्रति अंश. वहीत ९० आलं होतं!

पावसाची सर आली तेव्हा आतला आकडा दहा मिनिटांत एक अंश खाली आला. ओल्या पत्र्याची गळती वाढते हे पुस्तकात होतं, आज डोळ्यांनी पाहिलं.

२३ ऑगस्ट

म्हापशातल्या एसीच्या डक्टचं काम करणाऱ्यांकडून नायट्राइल रबर फोम आणला, १९ मिलिमीटर. थर्मोकोल स्वस्त होता, पण तो पेट घेतो, म्हणून घेतला नाही. छप्पर आणि बाजूचे पत्रे आज संपवले.

२५ ऑगस्ट

छपरावरचे तीन तुकडे रात्रीत गळून पडले. या दमट हवेत पत्र्यावर दिसत नाही असा ओलावा बसलेला असतो, त्यावर गोंद धरत नाही. पडलेल्या तुकड्यांच्या पाठीला बोट लावलं तर गोंद चिकट, पत्रा मात्र चकचकीत, गोंद लागलेलाच नाही. आता चवथ दोन दिवसांवर. माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळांच्या चौकटीचं) सामान आणायचंय, गाडी रिकामी हवी. काम बंद.

४ सप्टेंबर

विसर्जन झालं, सलग दोन दिवस ऊन. पत्रा थिनरने पुसला, पंखा लावून तासभर सुकवला, गोंद दोन्हीकडे लावून पंधरा मिनिटं थांबले, मग दाबलं. आता ओढूनही निघत नाही. घाईत घालवलेला तो एक दिवस मला पुरेसा शिकवून गेला, आणि फोमचे तीन तुकडेही गेले.

८ सप्टेंबर

दुसरी चाचणी. तोच हीटर, तीच वेळ. बाहेर २४.५, आत ४०.५ वर स्थिर. ५९ वॅट प्रति अंश.

वहीत ३५ आलं होतं. उरलेले २४ कुठे जातात ते हाताने शोधलं. हात फिरवला तर काचा गरम, दरवाजाच्या चौकटी गरम, चादरीच्या कडेने पुढे जाणारी हवा गरम, तळाचा पत्रा गरम. काचाच जवळजवळ तीन चौरस मीटर आहेत. मी पत्र्याच्या मागे लागले आणि काचा तशाच राहिल्या.

नंतरची भर: पुढच्या काही दिवसांत कागदाचे साचे काढून प्रत्येक खिडकीचं झाकण फोमचं कापलं, बाहेरच्या अंगाला चकचकीत फॉइल. आईने जुन्या सुती साड्यांची वाकळ शिवली, सात थरांची, सीटमागे टांगायला. तिच्या टाक्यांकडे पाहत बसावंसं वाटतं. तळाला फोमवर प्लायवूड.

वाकळ शिवताना ती म्हणाली, "अगो, सगळी गाडी कशाला तापवतेस? माझ्या पायांना ऊब लागली की मला झोप येते."

मी इतके दिवस हवा मोजत होते.

१४ सप्टेंबर

आईच्या त्या वाक्यावर दोन दिवस काम केलं. १२ व्होल्टचे दोन गरम पॅड घेतले, प्रत्येकी ४५ वॅट, चादरीखाली पायांशी घालायचे. गाडीच्या सीटसाठी मिळतात त्यातले बरेच पाऊण तासात आपोआप बंद होतात. रात्री काही उपयोग नाही. थर्मोस्टॅटवर चालू-बंद होणारे निवडले. २३० व्होल्टचं ब्लँकेटही पाहिलं, पण त्यासाठी इन्व्हर्टर रात्रभर जागा ठेवावा लागतो आणि तो स्वतःच दहा-पंधरा वॅट खातो.

पॅडवर थर्मामीटर ठेवून पाहिलं: मंदवर ३८ अंशाला थांबतो. हे मोजणं गरजेचं होतं. ज्यांच्या पायांची संवेदना कमी झालेली असते, विशेषतः मधुमेहात, त्यांना साध्या ऊबदार पॅडनेही कळत नकळत भाजतं. आईला मधुमेह नाही. तरी डॉक्टरांना विचारलं, त्यांनी तळव्यांची संवेदना तपासून हो म्हटलं. पॅड आणि पाय यांत जाड चादर हवीच.

दोन्ही पॅड आठ तास चालवले: ३१ अँपिअर-तास गेले. बॅटरीचा तिसरा हिस्सा. गाडी चालताना आमचा चार्जर २० अँपिअर देतो, म्हणजे पावणेदोन तासांच्या प्रवासात भरपाई. रोज तेवढं तर चालवणारच.

१६ सप्टेंबर

आता प्लगवरचा हीटर. शेवटी सिरॅमिक पीटीसी (तापल्यावर स्वतःच वीज कमी घेणाऱ्या चकत्यांचा) घेतला, ७५०/१५०० वॅट, पंख्याचा, दीड किलोचा. कलंडला की बंद होतो. बेळगावच्या दुकानात मिळाला. कारणं लिहून ठेवते, कारण मलाच दोनदा मत बदलावं लागलं.

साध्या कॉइलचा हीटर कितीही तापला तरी वीज तेवढीच ओढत राहतो. पंखा अडकला, वर टॉवेल पडला, तरी कॉइल लाल. मधला कटऑफ चालला तर चालला. पीटीसीमधल्या बेरियम टायटनेटच्या चकत्या एका ठरावीक तापमानापुढे गेल्या की त्यांचा रोध एकदम वाढतो आणि त्या स्वतःच वीज कमी घेतात. कटऑफ यातही आहे, पण पहिली राखण पदार्थाच्या स्वभावातच आहे. अंगणात मुद्दाम अर्ध्या जाळीसमोर पुठ्ठा धरून पाहिलं: वॉटमीटर ७४० वरून ५१० वर उतरला. मला हे बघून फार बरं वाटलं.

डोंगरातली हवा विरळ. ३१०० मीटरवर ती इथल्या साधारण सत्तर टक्के दाट असते, तेवढ्याच पंख्याने कमी उष्णता वाहून नेते. तिथे साधी कॉइल जास्त तापेल, कटऑफ पुन्हा पुन्हा पडेल. पीटीसी सांभाळून घेईल.

तिसरं, व्होल्टेज. साध्या कॉइलची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० चे १९० झाले तर हजार वॅटचे ६८० उरतात. पीटीसीत दाब कमी झाला की चकत्या जरा निवतात, रोध उतरतो आणि शक्ती तितकी पडत नाही.

१५०० चं बटण मी टेपने झाकलंय. त्यावर साडेसहा अँपिअर लागतात, आणि धर्मशाळेत मिळेल तो साधा बारका प्लग, सहा अँपिअरचा. ७५० वर सव्वातीन. तेवढंच मागायचं.

१८ सप्टेंबर

तिसरी चाचणी, नव्या हीटरवर, झाकणं आणि वाकळ लावून. वॉटमीटर ७४०. बाहेर २४, आत ४३. फरक १९ अंश: ३९ वॅट प्रति अंश!

बाहेर शून्य, आत १५: ५८५ वॅट. झोपलेल्या दोन माणसांचीच दीडशे वॅट ऊब असते, ती धरली तर ४३५. ७५० चा पुष्कळ झाला. वजा पाच असेल तरी निभेल.

एक गोष्ट दिसली. छपराशी ४७ आणि गादीवर ३८. हीटर पायथ्याशी, अगदी खाली ठेवून तोंड किंचित खाली केलं तर हा नऊ अंशांचा फरक चारवर आला. तिथेच लाकडी चौकटीत पट्ट्याने बांधला, पुढे दोन वीत मोकळी जागा, तिथे काहीही ठेवायचं नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

बाबांसोबत वायरिंग. एका छोट्या प्लॅस्टिक पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा) आणि सहा अँपिअरचा एमसीबी (भार वाढला की तोडणारा). बाहेरून येणारी केबल तीन तारांची, दीड चौरस मिलिमीटरची, वीस मीटर. वापरताना पूर्ण उलगडायची. रिळावर गुंडाळलेली केबल आतल्या आत तापते. गाडीच्या पत्र्याला अर्थ (अर्थिंगची तार) जोडला. बाबांनी सॉकेट टेस्टर हातात दिला आणि तीन वेळा म्हणवून घेतलं: आधी टेस्टर, मग प्लग. अर्थ नसेल तर तिथे हीटर लावायचा नाही, कितीही थंडी असो.

पॅडसाठी बॅटरीपासून थेट चार चौरस मिलिमीटरची तार, प्रत्येकाला दहा अँपिअरचा फ्यूज. लायटर सॉकेट नाही. तारा टिन लावलेल्या तांब्याच्या घेतल्या. आपल्या खाऱ्या दमट हवेत साधं तांबं दोन पावसाळ्यांत हिरवं पडतं.

बॅटरी फळीखाली, आतच. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर आत धातूचं लिथियम साचतं आणि ती कायमची बिघडते. तिचं सर्किट चार्जिंग थांबवतं खरं, पण मग सकाळी गाडी चालवूनही ती भरणार नाही. म्हणून तिलाही आमच्याबरोबरच उबेत ठेवलीय.

३ ऑक्टोबर

काल दसरा. बद्रीनाथचे दरवाजे कधी बंद होणार ते विजयादशमीला जाहीर होतं; आमच्या तारखेला भरपूर अवकाश आहे. आपट्याची पानं डॅशबोर्डवर. बाबांनी टायर तपासले, मग पुन्हा तपासले. परवा पहाटे निघायचं.

११ ऑक्टोबर, बद्रीनाथ

दुपारी पोचलो. आईने गाडीतूनच हात जोडले, बराच वेळ काही बोलली नाही.

धर्मशाळेच्या व्यवस्थापकांनी एका रात्रीचे पैसे घेऊन बाहेरचा प्लग दिला. पहिल्या सॉकेटला टेस्टरचा अर्थचा दिवा लागला नाही. दुसरं, स्वयंपाकघरामागचं, ठीक होतं. दाब १८७ व्होल्ट. वॉटमीटर ६९० दाखवत होता. साधी कॉइल असती तर पाचशेच्या आसपास राहिली असती. रात्री नऊला बाहेर ४, आत १७. आई स्वेटर काढून बसली आणि मला जपमाळेची पिशवी शोधायला लावली.

१२ ऑक्टोबर, पहाट

रात्री एकच्या सुमारास वीज गेली. पंख्याचा आवाज थांबला म्हणून मी जागी झाले. आत १६. उठून प्लग काढला, दोन्ही पॅड मंदवर चालू होतेच. तीनला आत ९. पाचला आत ७, बाहेर १. झाकणांच्या आतल्या बाजूला दव होतं, काचेवर बर्फाची बारीक नक्षी. बॅटरीची पेटी ८ अंशांवर, ६४ टक्के शिल्लक.

आईच्या रजईत हात घालून तळवे पाहिले. गरम होते. ती जागी झाली आणि म्हणाली, "पंखा बंद केलास ते बरं केलंस, छान झोप लागली."

वीज गेल्याचं मी सांगितलं नाही. सहाला टॉवेल घेऊन तप्तकुंडाकडे निघालो.

परतल्यावर करायचं: सरकत्या दरवाजाच्या खालच्या रबरातून वारा येतो, तिथे पट्टी. मागच्या झाकणाचा डावा कोपरा सुटतोय. बाबांना फोन करून अर्थच्या सॉकेटचं सांगायचं.